गळीत हंगामातल्या टेप एरर

आमच्या कारखान्यात बॅकअपच्या टेप बाद व्हायच्या त्या नेहमी हंगामातच. आज हे वाक्य मी एका दमात लिहितोय, पण रजिस्टरमधून ते बाहेर यायला अर्धा हंगाम गेला.

कारखाना लातूर-धाराशिव पट्ट्यातला, मी तिथल्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात. आमच्या सर्व्हरवर उसाची नोंदणी, लागवडीच्या तारखा, तोडणीचा प्रोग्राम, टोळ्यांना दिलेली उचल, वजनकाट्यावरची प्रत्येक खेप आणि त्यावरून निघणारं पंधरवड्याचं ऊसबिल असतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. गाडी रिकामी होऊन गेली की त्या उसाचा पुरावा म्हणजे काट्यावरची नोंद; ऊस तर गव्हाणीतून चरकात गेलेला असतो. त्यामुळे रोज रात्री एक प्रत डिस्कवर आणि एक टेपवर. डिस्कची प्रत नेटवर्कवर असते, म्हणजे व्हायरस घुसला तर तीही जाणार. कपाटात कुलूपबंद पडलेल्या टेपपर्यंत मात्र काही पोचत नाही. संचालक मंडळाला टेपचा खर्च पटवून देताना मी हेच सांगतो.

ड्राइव्ह एलटीओ-६, म्हणजे या जातीच्या टेपची सहावी पिढी; बाहेरून जोडायचा, सर्व्हरला सॅस नावाच्या केबलने. सर्व्हरवर लिनक्स आणि बॅकअपला बॅक्युला हे सॉफ्टवेअर. टेप बदलायला रोबो वगैरे काही नाही; रात्रपाळीचा ऑपरेटर हाताने बदलतो.

त्या हंगामात मोळी टाकून, म्हणजे गाळप सुरू होऊन, फार दिवस झाले नव्हते. बॉयलर नीट पेटला, काट्यावर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि रात्रीचं बॅकअप मधेच थांबायला लागलं. लॉगमध्ये ओळ एकच: अमुक ब्लॉक लिहिताना इनपुट-आउटपुट एरर. बॅक्युला अशा टेपवर लगेच ‘एरर’ असा शिक्का मारतो आणि दुसरी मागतो. रात्री दोन वाजता दुसरी टेप द्यायची तर कपाटाची किल्ली माझ्याकडे. सकाळी ऑपरेटर दारातच उभा, “सर, रात्रीचं बॅकअप पुन्हा अडकूलालंय. टेप बादच झालीय बगा.”

टेप बाद, नवी मागवा, इंडेंट (मागणीपत्र) भरा. हीच आमची जुनी रीत. भांडार विभागालाही ती पाठ होती. पण त्या वेळी कोरी करकरीत टेप पहिल्याच रात्री त्याच ओळीवर थांबली, आणि तिथून मी टेपवर संशय घ्यायचं थांबवून प्रत्येक गोष्ट वेगवेगळी तपासायला घेतली.

टेप ड्राइव्ह मुळात मुकाट्याने सोसणारा. लिहिणाऱ्या हेडच्या मागेच वाचणारं हेड असतं. लिहिलेलं तो त्याच क्षणी वाचून बघतो. नीट उमटलं नसेल तर तेवढा भाग पुढे पुन्हा लिहितो, आणि वरच्या सॉफ्टवेअरला याचा पत्ताही नसतो. तुम्हाला दिसतं ते फक्त एवढंच की टेपमध्ये नेहमीपेक्षा कमी डेटा मावला. बऱ्याचदा लिहूनही जमेना, तेव्हाच तो हात वर करून एरर देतो. म्हणजे पहिली एरर दिसली त्याच्या बऱ्याच आधी दुखणं सुरू झालेलं असतं. आमच्या जुन्या नोंदीत हे होतंही: २.५ टेराबाइटच्या टेपा हंगामात लवकर ‘भरायच्या’. सगळ्यांचा समज, डेटा वाढलाय.

पहिलं काम, बॅक्युलाचा लॉग बाजूला ठेवून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा लॉग उघडणं. बॅक्युलाला फक्त ‘लिहिता आलं नाही’ एवढं कळतं. का, ते खालच्या थरात असतं. तिथे दोन जातीच्या ओळी निघाल्या. काही रात्री ‘मीडियम एरर’ आणि पुढे ‘राइट एरर’. काही रात्री मीडियमचं नावच नाही. नुसतं डिव्हाइस रिसेट झालं, मग ‘युनिट अटेन्शन’, म्हणजे रिसेट झाल्याची ड्राइव्हची वर्दी. वरून दोन्ही सारखेच दिसतात. आतून पाहिलं तर एक तक्रार टेप किंवा हेडची आणि दुसरी त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्याची. हे दोन्ही एकाच टोपलीत घातले असते तर हंगाम संपेपर्यंत मी टेपाच बदलत बसलो असतो.

मग एक रजिस्टर घातलं. तारीख, टेपचा नंबर, किती गिगाबाइट लिहून झाल्यावर थांबली, किती वाजता, आणि एररची जात. एक्सेलमध्ये का नाही, असं पोरं विचारायची. कारण रात्रपाळीवाला एक्सेल उघडत नाही, रजिस्टरमध्ये मात्र लिहितो.

रिसेटच्या रात्रींचा माग त्यातूनच लागला. त्या सगळ्या टेप बदललेल्या रात्री होत्या. टेप बदलायची म्हणजे रॅकपाशी जायचं, आणि आमचा ऑपरेटर तसा शिस्तीचा. जाताना रॅकचं मागचं दारही दाबून लावायचा. दाराच्या आत सॅस केबल पार दुमडली जात होती. लिनक्समध्ये सॅसच्या प्रत्येक पोर्टचे मोजणीचे आकडे मिळतात: चुकीचे डीवर्ड (डेटाचे छोटे तुकडे) किती, तालमेळ किती वेळा सुटला. दार उघडं ठेवून एक रात्र आणि बंद ठेवून एक रात्र असे आकडे घेतले. उघड्या दाराला आकडा जागचा हलला नाही. बंद दाराला भराभर वाढला. केबल बदलली, तिला ऐसपैस वळण दिलं, ड्राइव्ह एक खण पुढे ओढला. रिसेट बंद झाले. ड्राइव्ह कुठल्या कार्डाला जोडलाय तेही तेव्हाच पाहून घेतलं. काही ठिकाणी अनेक हार्डडिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कार्डाला टेप ड्राइव्ह लटकवलेला असतो आणि त्यातून असेच चकवे निघतात. आमचा साध्या एचबीए कार्डावर, म्हणजे नुसत्या जोडणीच्या कार्डावर होता, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

राहिल्या मीडियम एरर. इथे प्रश्न एकच, एरर टेपबरोबर फिरते की ड्राइव्हबरोबर? पण आमच्याकडे ड्राइव्ह एकच. वाळूज एमआयडीसीत माझा एक मित्र एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, त्याच्याकडे एलटीओ-७. सात नंबरचा ड्राइव्ह सहा नंबरच्या टेपवर लिहूही शकतो आणि वाचूही. बाद ठरवलेल्या टेपांपैकी तीन घेऊन मी छत्रपती संभाजीनगरला गेलो. टेपांवर सभासदांचे खाते नंबर असतात, म्हणून त्या कुरिअरने पाठवायचा प्रश्नच नव्हता. परत घेऊनच निघालो.

सलग लिहिली तर एलटीओ-६ टेप सेकंदाला १६० मेगाबाइटने जाते, म्हणजे पूर्ण भरायला साडेचार तासांच्या आतबाहेर. पुढची टेप मित्रावर सोपवून मधे बीबी-का-मकबरा पाहून यायलाही वेळ मिळाला असता, पण आम्ही चहा पीत काउंटर बघत बसलो. पहिली टेप शेवटपर्यंत गेली. दुसरीही. दोघींवर आमच्याकडे शिक्का बसलेला, आणि इथे एक एरर नाही.

तिसरी मात्र अर्ध्याहून जास्त भरल्यावर थांबली, आणि रजिस्टर काढून पाहिलं तर आमच्याकडेही साधारण तिथेच थांबली होती. हे जरा उलगडून सांगतो, कारण यातून टेपचं दुखणं ओळखता येतं. टेप अर्धा इंच रुंद आणि ८४६ मीटर लांब. तिच्यावर २१७६ ट्रॅक, पण एका फेरीत हेड १६ च लिहितं, म्हणजे टेप पूर्ण भरायची तर या टोकाहून त्या टोकाला १३६ फेऱ्या. रुंदीचे चार पट्टे केलेले असतात. मधले दोन आधी भरतात, कडेचे दोन नंतर. त्यामुळे टेपची कड दुखावली असेल तर पूर्वार्धात सगळं आलबेल आणि उत्तरार्धात गडबड. ही तिसरी टेप एकदा कपाटाच्या वरच्या खणातून फरशीवर पडली होती, हे शिपाई मामांनी मी विचारल्यावर लगेच सांगितलं. “पडली व्हती की, पण फुटली नव्हती.” प्लास्टिकचा डबा फुटत नाही, आतली रीळ एका बाजूला सरकते आणि कड चुरगळते. तिच्यावर ‘फक्त चाचणी’ असं लिहून ती वेगळी ठेवली.

दोन टेपा निर्दोष ठरल्या, म्हणजे खोट आमच्या ड्राइव्हमध्ये. ड्राइव्ह काही म्हणत होता का? टेपअलर्ट नावाची सोय असते, ६४ झेंड्यांची. सहा नंबरचा झेंडा म्हणजे लिहिण्यात अपयश, वीस म्हणजे आत्ता साफ करा. मी हाताने विचारलं की सगळे झेंडे कायम खाली. यात बराच घोळ झाला. झेंड्यांचं ते पान एकदा कुणी वाचलं की झेंडे आपोआप उतरतात, आणि बॅकअप संपताच आमची एक स्क्रिप्ट ते वाचून कुणी उघडत नाही अशा फाइलमध्ये टाकत होती. ती फाइल उघडली. वीस नंबरचा झेंडा तिथे वरचेवर पडलेला.

साफ करायची टेप वेगळी मिळते, साधारण ५० वेळा चालते. ती घातली, ड्राइव्ह सुधारला, काही रात्री सुखाच्या गेल्या आणि पुन्हा तेच. यावर ऑफिसात ठराव झाला की रोजच साफ करू. मी विरोध केला. ती टेप हेड घासूनच साफ करते. ड्राइव्ह मागेल तेव्हाच ती घालायची असते. रोज घासायचं म्हणजे हेडचं आयुष्य आपणच कमी करायचं. आणि चांगल्या खोलीतला ड्राइव्ह महिनोन्‌महिने सफाई मागत नाही. आमचा आठवड्यात मागतो, तर घाण येते कुठून, हा खरा प्रश्न.

तेव्हा मी मागच्या हंगामांच्या फाइली काढल्या. बाद टेपांचे इंडेंट तारखेवार लावले. नोव्हेंबर ते मार्च, सगळे त्यात. बॉयलर थंड झाल्यापासून पुढच्या अग्निप्रदीपनापर्यंत एकही नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीचा एसी रडतो, वीज जाते-येते, बाहेर ४२-४३ अंश. टेपला त्रास व्हायचा तर तेव्हा व्हावा. तेव्हा मात्र ती गुमान चालते. उष्णतेवरचा संशय त्या यादीनेच फिटला.

हंगामात आमच्याकडे हवेत काय असतं ते कॉलनीतल्या कुठल्याही बाईला विचारा. वाळत घातलेल्या धोतरावर बॉयलरच्या राखेचे काळे कण, आणि वारा बगॅस (उसाचा चोथा) यार्डाकडून असेल तर सगळीकडे भुश्शाचा बारीक भुगा. हा भुगा इतका हलका की पट्ट्यावरून बॉयलरकडे जाताजाताच उडतो. ड्राइव्हच्या तोंडाशी पांढरं फडकं फिरवलं तर करड्या रंगाचा थर आला, बोटात चोळला तर किंचित चिकट. सर्व्हर याला दाद देत नाहीत, कारण हार्डडिस्कच्या आत फिल्टरशिवाय हवा जात नाही. त्यांचे फक्त पंखे तुंबतात. अख्ख्या खोलीत उघड्यावर पळणारी चीज म्हणजे टेप, आणि ती हेडला घासूनच जाते. एक कण हेडवर बसला की पुढच्या फेऱ्यांत तो तिथेच.

खिडकी तर बंद होती, एसी चालू होता. मग धूळ आत कशी? एसीवर सगळ्यांचा राग, पण आमचा एसी स्प्लिट. तो खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. उत्तर अगरबत्तीने दिलं. दाराच्या खालच्या फटीशी ती धरली तर धूर सरळ आत ओढला गेला. खिडकीच्या चौकटीशीही तेच. भिंतीत वरती एक एक्झॉस्ट पंखा होता, दिवसरात्र चालू. यूपीएसच्या पाणी भरायच्या बॅटऱ्या त्याच खोलीत होत्या. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून पंखा लावणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पण पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी, आणि ती येत होती बॉयलरच्या बाजूच्या फटींतून.

पंखा नुसता बंद करणं धोक्याचं. यूपीएस आणि बॅटऱ्या मागच्या बोळातल्या खोलीत न्याव्या लागल्या, पंख्यासकट. इलेक्ट्रिकल विभागाने आधी नाकं मुरडली; हंगामात त्यांची माणसं टर्बाइन सोडून आमच्या बॅटऱ्या कशाला उचलतील? मी त्यांच्या साहेबांना रजिस्टर दाखवलं. ते म्हणाले, “येऊ की रविवारी, साफसफाईला गाळप थांबतंय तेव्हा.” आणि आले. त्यानंतर सर्व्हर रूमच्या खिडकीला आणि दाराला फोमच्या पट्ट्या, ड्राइव्ह खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात, रॅकच्या तळाऐवजी छातीच्या उंचीवर. चपला बाहेर. शेवटची साफसफाईची फेरी केली आणि वाट बघितली.

पहिल्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही. ऑपरेटरच्या चेहऱ्यावर मात्र ‘पुन्हा अडकणारच’ असं लिहिलेलं. रजिस्टरचा एररचा रकाना कोरा जाऊ लागला. वीस नंबरचा झेंडा बराच काळ वर आला नाही.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट सापडली, जी एरर देत नव्हती पण टेप झिजवत होती. काट्यावरचा पीसी एका जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचमागे. तिथून डेटा सेकंदाला जेमतेम दहा-बारा मेगाबाइटने यायचा. ड्राइव्ह वेग कमी करतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली गेलं की तो थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा पुढे. रात्रभर ही ये-जा चालली की त्याच जागेवरून हेड पुन:पुन्हा घासतं. कान देऊन ऐकलं तर ड्राइव्हचा आवाजही तुटक येतो. बॅक्युलात स्पूलिंग चालू केलं: डेटा आधी सर्व्हरच्या डिस्कवर जमवायचा, मग टेपवर एका ओघात ओतायचा. रात्रीचा आवाज सलग झाला, आणि कामही लवकर आटपलं.

आवाराबाहेर जाणाऱ्या टेपा आता बाइकच्या डिकीतून जात नाहीत. कार्ट्रिज वापरायची वरची मर्यादा ४५ अंश, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बाइकच्या डिकीत त्याहून जास्त होतं. परत आलेली टेपही लगेच घालायची नाही. खोलीच्या हवेत एक दिवस पडू द्यायची. मामा याला ‘टेपची विश्रांती’ म्हणतात आणि रजिस्टरमध्ये तसंच लिहितात.

लिहिता येतं म्हणजे वाचता येतंच असं नाही. म्हणून हंगाम संपायच्या आत एका पंधरवड्याचं ऊसबिल टेपवरून वेगळ्या मशीनवर उतरवलं आणि लेखा विभागातल्या भाऊंना बसवलं. त्यांनी गटवार टनेज आणि रकमा छापील यादीशी ताडल्या. एका गावाची बेरीज जुळेना, सगळ्यांचा श्वास अडकला; निघालं असं की छापील यादीवर नंतर हाताने दुरुस्ती झाली होती. टेपवरचं होतं ते त्या रात्रीचं खरं होतं.

ड्राइव्ह मात्र पूर्वीसारखा झालाय असं मी म्हणणार नाही. एरर थांबल्या, पण दुरुस्त करून लिहिलेल्या ब्लॉकची मोजणी वाळूजच्या ड्राइव्हपेक्षा अजून वरचढ येते, त्याच टेपवर. इतके हंगाम भुसा खाल्लेलं हेड आहे. नव्या ड्राइव्हचा इंडेंट केलाय आणि त्यात एलटीओ-७ लिहिलंय. भांडारवाल्यांनी विचारलं, “आठ नंबरही मिळतो म्हणे, मग तोच का नको?” आठ नंबरचा ड्राइव्ह सातच्या टेपा वाचतो, सहाच्या नाही. कपाटातल्या सहा नंबरच्या सगळ्या टेपांची यादी इंडेंटला जोडली आणि फाइल एमडी साहेबांकडे पाठवली. अग्निप्रदीपनाच्या आत सही झाली तर बरं.